पापणी दिसली पाहिजे

आर्चरीचं मैदान सुरू झालं त्याच आठवड्यात एक वनरक्षक येऊन उभे राहिले. मोटारसायकल बाभळीखाली लावली, बराच वेळ पाहिलं आणि मग विचारलं, "सर, हे पोट्टे हरनं माराले तं नाही शिकून राह्यले?" मी त्यांना तीस मीटरवरचा कागद दाखवला, बांबूची धनुष्यं दाखवली, स्पर्धांमध्ये 'इंडियन राउंड' नावाचा प्रकार असतो तोही समजावला. त्यांची खात्री काही पटली नाही, आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा? पश्चिमेला टिपेश्वर अभयारण्य, दक्षिणेला पैनगंगा, पलीकडे तेलंगणाचं आदिलाबाद. या पट्ट्यात चितळ, रोही आणि रानडुकरं शेतकऱ्यापेक्षा आधी शेतात पोचतात. अशा झरी-जामणीत पोडावरच्या, म्हणजे कोलाम वस्तीवरच्या, पोराच्या हातात तीरकमठा दिसला, तर वनखात्याच्या माणसाने विचारायलाच हवं.

शिवाय त्यांचा संशय मुळात खोटा नव्हता. आर्चरी हा शिकारीचाच निवृत्त भाऊ आहे. आम्ही मैदानावर जे जे शिकवतो ते कधीतरी कुणीतरी हरणाकडून शिकलेलं आहे.

माझे आजोबा मिशनच्या दवाखान्यात माळी होते. त्याआधीच्या आयुष्यात ते रानात बाणाने शिकार करत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात परवाना काढून शिकार करायची थोडी फट शिल्लक होती. 1991 च्या दुरुस्तीने तीही बुजली. आजोबांचा तीरकमठा मात्र त्याच्या कितीतरी आधी आढ्याला गेला होता. मी तो दोरी उतरवलेलाच पाहिला. पण बोलायला बसले की त्यांच्या बोलण्यात मारलेलं जनावर क्वचितच यायचं. यायची ती तयारी. चिमूटभर माती बोटांतून सोडून वारा बघायचा. आदल्या दिवसापासून बिडी बंद. पाणवठ्याजवळ वाऱ्याच्या उलट्या अंगाला बसायचं आणि आधी झाडावरच्या वानरांची आपल्याला सवय होऊ द्यायची, कारण वानर ओरडलं की चितळ गेलंच. आणि अंतराचा नियम एकच: "पापनी दिसली पायजे. नाही दिसली तं हात खाली."

हा नियम किती पक्का आहे हे मला पुढे गणिताने कळलं. अमेरिकेत आजही लाखो लोक शरद ऋतूत धनुष्य घेऊन पांढऱ्या शेपटीच्या हरणामागे जातात. तिथे ते कायदेशीर आहे, त्याचा हंगाम ठरलेला असतो, परवाना लागतो. झाडावर माच बांधून ही माणसं पहाटेपासून बसतात. त्यांच्या आधुनिक कंपाउंड धनुष्यातून बाण सेकंदाला साधारण ऐंशी-नव्वद मीटर वेगाने सुटतो. आवाज मात्र सेकंदाला तीनशे चाळीस मीटर धावतो. म्हणजे पंचवीस-तीस मीटरवरच्या हरणाला दोरीचा टणत्कार आधी ऐकू जातो आणि बाण साधारण पाव सेकंदाने मागून पोचतो. तेवढ्यात हरीण उडी घ्यायला खाली दबतं. काळजाचा नेम पाठीत लागतो, जनावर जखमी होऊन रानात शिरतं आणि तडफडत मरतं. म्हणून तिथला जाणता शिकारी जवळूनच मारतो, किंवा मारतच नाही. आजोबांना वेगाचं गणित माहीत नव्हतं. पापणी माहीत होती.

तर, बाण सोडणं हा या विद्येतला सोपा भाग. ओढलेला बाण उतरवता येणं हा अवघड. मैदानाची वेळ झाली की पहिली काही मिनिटं कुणी नेम धरत नाही. दोरीला मेण चोळायचं. बांबूचा बाण नखावर फिरवून वाकलेला नाही ना ते पाहायचं. धनुष्याला रात्रभर दोरी चढवलेली राहिली असेल तर ते कायमचं वाकतं, म्हणून दोरी रोज उतरवायची, रोज चढवायची. बाणाशिवाय दोरी ओढून सोडायची नाही. जो धक्का बाणाने घेऊन जायला हवा तो धनुष्यातच जिरतो आणि बांबू चिरतो. मग नवी मुलं बटाच्या, म्हणजे ज्यावर कागद लावतात त्या आडोशाच्या, अगदी पुढ्यात, चार पावलांवर, डोळे मिटून बाण मारतात. समोर कागद नाही, गुण नाहीत. फक्त पाठीचे स्नायू कुठे ताणले जातात, हनुवटीखाली हात नेमका कुठे येतो, ते शरीराला पाठ व्हावं म्हणून.

एका सकाळी कोलाम पोडावरची एक मुलगी रेषेवर होती. धनुष्य पूर्ण ओढलेलं, हात हनुवटीखाली टेकलेला, दोरी ओठाला लागलेली. त्याच क्षणी बटामागच्या पायवाटेवर दोन बकऱ्या आणि त्यांच्यामागे एक म्हातारी दिसली. मी शिट्टी तोंडाला लावेपर्यंत पोरीचा हात हळूहळू पुढे सरकत होता. दोरी परत नेताना हात जास्त थरथरतो. ओढताना साऱ्या शरीराचं बळ बाजूने असतं, उतरवताना तेच बळ आवरून धरावं लागतं. तिने बाणाचं टोक जमिनीकडे केलं, नॉक (बाणाची खाच) दोरीतून काढला आणि माझ्याकडे न बघता पुन्हा उभी राहिली. त्या दिवशी तिचे गुण बेतासबात होते. मला ती त्या दिवशी तिरंदाज झाली असं वाटलं.

मी ख्रिस्ती, पण मैदानावर बायबल काढत नाही. पोडावरच्या मुलांचे देव त्यांचे आहेत. भीमायक देवाच्या गावात येऊन प्रवचन देण्याइतका आगाऊपणा माझ्यात नाही. पण माझ्या डोक्यात ते चालू असतंच. आमच्या यवतमाळात युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, 1983 मध्ये ती पुण्याला गेली. तिथले विद्यार्थी माझ्या लहानपणी आमच्या गावाकडे उपदेशाला येत आणि नाताळाच्या आधी हमखास दहा कुमारिकांचा दाखला घेत. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला. पाच शहाण्यांनी दिव्यांसोबत तेल आणलं, पाच मूर्खांनी नाही; वर उशिरा आला आणि मूर्ख बाहेर राहिल्या. उपदेशाचा शेवट ठरलेला: जागे राहा.

गंमत अशी की त्या गोष्टीत जागं कुणीच राहत नाही. वराला उशीर होतो तेव्हा दहाच्या दहा जणी झोपी जातात, शहाण्याही. आणि त्या झोपेबद्दल त्यांना कुणी बोल लावत नाही. शेवटी येशू जागे राहा म्हणतो हे खरं. पण त्या शहाण्या पोरींचं जागेपण त्यांच्या भांड्यात होतं. आमच्याकडे डिसेंबरात हरभऱ्यावर जागल असते. रात्रभर फटाके वाजवत, डबे बडवत माचावर बसलेला माणूस पहाटे तीनला पेंगतो, आणि रोही तेव्हाच येतात. ज्याने संध्याकाळी जुन्या साड्यांचं कुंपण नीट ताणून बांधलं, तो थोडंफार झोपू शकतो. भक्तीतसुद्धा मला माचावरची माणसं पुष्कळ भेटतात. सतत चिंतेत, सतत स्वतःला टोचत, आणि कुंपण मात्र सैल.

त्याच दाखल्यातली एक गोष्ट मला लहानपणी खटकायची. मूर्ख पोरी तेल मागतात आणि शहाण्या चक्क नाही म्हणतात. ख्रिस्ती माणसाला हे शोभतं का? शिकवायला लागल्यावर माझी तक्रार मिटली. स्पर्धेच्या सकाळी मी मुलाला माझं धनुष्य देऊ शकतो, टॅब, आर्मगार्ड, चांगले बाण देऊ शकतो. पाठीतली ताकद कशी देणार? अदिती स्वामी आणि ओजस देवतळे 2023 मध्ये बर्लिनला जगज्जेते झाले तेव्हा आमच्या पोरांनी त्यांच्या धनुष्याच्या किमती आधी विचारल्या. विचारणारच. पण नुसतं धनुष्य पुरत नाही. अठ्ठ्याहत्तराव्या स्तोत्रात एफ्राइमच्या वंशातल्या धनुर्धाऱ्यांचा उल्लेख आहे: हत्यारं होती, आणि लढाईच्या दिवशी ते पाठ फिरवून गेले.

मात्र तयारी केली की फळ मिळतंच, असं बायबल कुठे म्हणत नाही, आणि ज्यांना तसं वाटतं त्यांनी '1 राजे' या पुस्तकातला बाविसावा अध्याय वाचावा. राजा अहाब वेष बदलून, चिलखत घालून रणात उतरतो. कुणीतरी एक सैनिक सहज, नेम न धरता बाण सोडतो आणि तो नेमका चिलखताच्या सांध्यात शिरतो. एसावाचंही तसंच. बापाच्या सांगण्यावरून तो भाता आणि धनुष्य घेऊन रानात गेला. शिकारीला वेळ लागतो हे घरातल्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि तो परत येईपर्यंत आशीर्वाद धाकटा घेऊन गेला. चांगला शिकारी, पण हात रिकामे. मला एसाव आवडतो.

वनरक्षकांच्या त्या संशयाचं म्हणाल, तर आमच्या भागात खरी भीती तीरकमठ्याची राहिलेली नाही. ती तारेच्या फासाची आणि कुंपणात सोडलेल्या करंटची आहे. टिपेश्वरच्या एका वाघिणीच्या गळ्यात तारेचा फास रुतला होता. 2025 च्या सुरुवातीला तिला बेशुद्ध करून वनविभागाने तो काढला. फास लावणाराही तयारीच करतो, मेहनत घेतो. पण तार लावून तो घरी जातो. त्यानंतर येणारं चितळ आहे, वाघीण आहे की शेजाऱ्याचं पोर, हे ठरवायला तिथे कुणी नसतं. पिकाचं नुकसान मी नाकारत नाही. माझ्याही घरच्या तुरीत रोही फिरून गेलेत. तरी करंट लावणं हे पाप आहे असं मी चर्चमध्येही म्हणतो आणि पारावरही.

वनरक्षक आता अधूनमधून येतात, बाण वेचायला मुलांना मदतही करतात. तुम्हीही झरीकडे आलात तर या. दिवाळीनंतर रोज सकाळी मुलं असतात. फक्त बटामागच्या पायवाटेने येऊ नका. रस्त्याच्या बाजूने या, आणि तीन शिट्ट्या झाल्याशिवाय रेषेच्या पुढे पाऊल टाकू नका.