पडण्यासाठी परदेश

"पडायचेच आहे, तर त्यासाठी तोक्योपर्यंत कशाला जायला हवे? आपल्या न्हाणीघरात काय कमी सोय आहे?"

हा प्रश्न आमच्या अण्णांचा. वय वर्षे ऐंशी. गेल्या पौषात ते खरोखरच न्हाणीघरात पडले होते आणि उजवे मनगट प्लॅस्टरमध्ये घालून बसले होते. त्यामुळे या विषयावर बोलण्याचा त्यांचा अधिकार घरात सर्वमान्य होता.

गोष्ट अशी, की मराठीचा प्राध्यापक असूनही मी ज्युदो शिकतो. कन्येला एका शाळेच्या सभागृहातल्या वर्गाला घातले आणि मी बाहेरच्या बाकावर वर्तमानपत्र वाचत बसू लागलो. एके दिवशी तिथले सर म्हणाले, "बसून काय करता? या आत." कन्या पुढे इंजिनिअरिंगला गेली, तिचा ज्युदो सुटला, मी मात्र तिथेच अडकलो. सहा वर्षांनी कमरेला तपकिरी पट्टा आला आणि सेहेचाळिसाव्या वर्षी मनात आले, की ही विद्या ज्या घरात वाढली तिथे जाऊन दोन आठवडे शिकावे.

ते घर म्हणजे तोक्योचे कोदोकान. जिगोरो कानो या तरुण शिक्षकाने १८८२ साली एका देवळातल्या बारा चटयांच्या जागेत ते सुरू केले. आज त्याची आठ मजली इमारत आहे आणि मुख्य आखाडा सातव्या मजल्यावर. कानो पुढे शिक्षक घडवणाऱ्या मोठ्या विद्यालयाचे प्राचार्य झाले, १९०९ साली ऑलिंपिक समितीवर गेले. पहिलवानापेक्षा मास्तराचाच पिंड! आम्हां मास्तर मंडळींना त्यांच्याबद्दल जवळीक वाटावी, यात नवल नाही.

तयारीला फेब्रुवारीत लागलो. पहिला धडा पंचांगाचा. आपली उन्हाळ्याची सुटी मे महिन्यात. पण एप्रिलअखेरीपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जपानात सुट्यांची रांग असते आणि जूनमध्ये त्यांचा पावसाळा लागतो. म्हणून मधले दोन आठवडे धरले. मग पासपोर्ट, व्हिसा, दुखापतीचाही खर्च देईल असा विमा. डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला आणि "या वयात?" एवढेच विचारले. सरांनी मात्र नवे डाव शिकवणे बंद केले. "तिथे तुम्हांला डाव कोणी विचारणार नाही; पडता येते का, ते आधी पाहतील," म्हणाले. मग रोज शंभर वेळा पडायचे: हनुवटी छातीशी, नजर पट्ट्यावर, हात जमिनीवर सपाट आपटायचा. हात असा आपटला, की पडण्याचा जोर पसरतो आणि डोके वाचते. हात टेकवून पडणे सावरायला जावे, तर मनगट मोडते. अण्णांचे नेमके तेच झाले होते.

सामान थोडे, पण जड. ज्युदोचा अंगरखा गोधडीसारखा जाड आणि लवकर न वाळणारा. म्हणून दोन घ्यायचे, एक अंगात, एक दोरीवर. चटईपर्यंत चालत जायला सपाता. नखे कापायचे यंत्र, कारण वाढलेले नख ही जोडीदाराशी केलेली आगळीक. उरलेल्या जागेचा ताबा सौ.ने घेतला. जपानात भाजीच्या रश्शालाही बहुधा सुक्या माशांच्या अर्काची चव असते, हे तिला कुठूनसे कळले होते. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा यांनी बॅगेचा निम्मा भाग व्यापला. स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी साठवलेले पैसे तिकिटात गेले होते, त्याबद्दल मात्र ती अवाक्षर बोलली नाही. तेच जास्त जड होते.

खरी अडचण वेगळीच होती. पंधरा दिवस अण्णांकडे रात्री कोण पाहणार? सौ.ची नोकरी, कन्या वसतिगृहात. एप्रिलमध्ये एका रात्री मी जाणे रद्द करायचे ठरवले आणि तसे त्यांना सांगितले.

अण्णा कोल्हापुरात वाढलेले. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "खाशाबा हेलसिंकीला निघाला, तेव्हा राजाराम कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी सात हजारांसाठी राहते घर गहाण टाकले. तू तर नुसता ओटा मोडलास. आणि अरे, मी पडलो म्हणून तू बसून राहणार का?"

खाशाबा जाधवांनी १९५२ साली त्या हेलसिंकीहून कांस्यपदक आणले, हे सर्वांना ठाऊक आहे. मी काही पदक आणणार नव्हतो. पण अण्णांना उत्तर सुचेना.

दुसऱ्या दिवशी सरांना हकिकत सांगितली. ते म्हणाले, "त्यांना पडायला शिकवू नका, उठायला शिकवा." मग न्हाणीघरात कठडे बसवले, निसरडी फरशी झाकली, आणि संध्याकाळी आमचा दुसरा वर्ग भरू लागला. सतरंजीवर अण्णा. आधी कुशीवर वळायचे, चांगल्या हातावर भार देऊन गुडघ्यांवर यायचे, मग खुर्ची धरून एकेक पाय उभा करायचा. पहिल्या दिवशी चार मिनिटे लागली आणि दोघांनाही घाम फुटला. मे उजाडेपर्यंत ते काम मिनिटाच्या आत आले. बहीण पंधरवड्यासाठी येऊन राहिली ती वेगळीच. सतरंजीवर पाऊल ठेवण्यापूर्वी अण्णा तिला हात लावून नमस्कार करीत. तालमीतल्या हौद्याच्या तांबड्या मातीला करायचे तसा.

कोदोकानच्या दारात कानोंचा पुतळा आहे. त्याला नमस्कार करून सातव्या मजल्यावर गेलो आणि थक्क झालो. बाराच्या चारशे वीस चटया झालेल्या! कडेला थांबून प्रत्येक जण वाकत होता. मग आत पाऊल. अण्णांची सतरंजी आठवली. सत्तरीच्या एका पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी हसून मला बोलावले, वाकून नमस्कार केला आणि पाठीवरून अलगद उचलून टाकले. आपल्याकडचा धोबीपछाडच तो! हात आपटला, डोके वाचले, उठलो. पुन्हा नमस्कार, पुन्हा चटई.

वर्ग सुटला तेव्हा तिथे रात्रीचे आठ वाजले होते; घरी साडेचार, म्हणजे चहाची वेळ. फोन अण्णांनीच उचलला.

"किती वेळा पडलास?"

"वीस-बावीस वेळा."

"मी एकदाही नाही," अण्णा म्हणाले आणि फोन बहिणीकडे दिला.