नापोलीचा अनुशेष

इटालियन फुटबॉलचा २०२२-२३चा सीझन मी जवळजवळ अख्खा मिहानमध्ये पाहिला. अमेरिकन क्लायंट, संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीनची शिफ्ट. सेरी आच्या रात्रीच्या मॅचेस आपल्याकडे उन्हाळ्यात सव्वाबाराला सुरू होतात, हिवाळ्यात सव्वाला. लॅपटॉपवर डिप्लॉयमेंट, फोनवर नापोली.

नापोलीच का? मी विदर्भातला आहे म्हणून. हसू नका. २००१ साली रोमा जिंकलं, त्यानंतर २०२२पर्यंत विजेतेपद मिलान आणि तूरीन या उत्तरेतल्या दोन शहरांबाहेर गेलंच नव्हतं. कारखाने, पैसा उत्तरेत. दक्षिणेतली पोरं तिकडे कामाला. आमच्याकडे याला अनुशेष म्हणतात. (फरक आहेच. नापोलीची टीम आली की उत्तरेतले काही प्रेक्षक वेसुव्हियसला साकडं घालतात, यांना लाव्ह्यानं धुऊन काढ म्हणून. पुण्यात फार तर आमच्या बोलण्याला हसतात.)

२०२२च्या उन्हाळ्यात टीममधली मोठी नावं गेली. कुलिबाली चेल्सीला, मेर्टेन्स गालातासरायला आणि तिथलाच पोरगा असलेला कॅप्टन इन्सिन्ये थेट टोरंटोला. त्याच सुमारास माझ्या कॉलेजच्या ग्रुपमधला शेवटचा मित्र हिंजवडीला गेला. जाताना म्हणाला, "तू काहून थांबला बे?" बाबांचाही तोच प्रश्न, दर रविवारी, जेवताना.

गेलेल्यांच्या जागी आले कोण? जॉर्जियातल्या दिनामो बातुमीतून क्वारात्सखेलिया, तुर्कस्तानातल्या क्लबातून किम मिन-जे. इथे कुणाला नावं नीट उच्चारता येत नव्हती. १३ जानेवारीला या लोकांनी युव्हेंटसला ५-१ हरवलं. पाचवा गोल झाला तेव्हा मी क्लायंटच्या कॉलवर होतो, म्यूट करून ओरडलो. दोन गोल ओसिमेनचे होते. लहानपणी लागोसच्या सिग्नलवर पाण्याच्या बाटल्या विकणारा हा पोरगा. नागपूरकरांना ही गोष्ट नवी नाही. विजय बारसे सरांनी २००१मध्ये इथल्या झोपडपट्टीतल्या मुलांसाठी सुरू केलेल्या स्लम सॉकरवरूनच 'झुंड' निघाला. फक्त आपला पोरगा सेरी आपर्यंत पोचत नाही, हे दुखतं.

४ मे २०२३, उदिनेत मॅच. ड्रॉ झाली तरी पुरणार होतं. तेराव्या मिनिटाला उदिनेसेचा गोल. बावन्नाव्या मिनिटाला पुन्हा ओसिमेन, १-१. पाच मॅच बाकी असताना, मॅराडोनाच्या १९९० नंतर ३३ वर्षांनी. नेपल्सच्या स्टेडियममध्ये हजारो लोक नुसता स्क्रीन पाहायला जमले होते. आमच्या मजल्यावर मी आणि एसी. खाली सिक्युरिटीच्या काकांनी विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "जिंकलो." त्यांना वाटलं, आयपीएल.

सीझन संपताच कोच स्पालेत्ती गेला, किम बायर्नला गेला, आणि पुढच्या वर्षी नापोली दहावी. बाबा फुटबॉल पाहत नाहीत, पण हे त्यांनी पेपरात बरोबर टिपलं. "पाह्य, तिथले बी गेलेच ना." २०२५मध्ये नापोली एका पॉइंटनं पुन्हा जिंकली, ती बातमी मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. ते वरण ओतत राहिले.

पुण्याची ऑफर परत आली आहे, पगार दीडपट. शुक्रवारपर्यंत कळवायचंय.