लाडूचं अभ्यंग

चि. ओवीस,


नरकचतुर्दशीच्या पहाटे तुझ्या गिनीपिगला, लाडूलाही उटणं लावून न्हाऊ घालायचा तुझा बेत काल फोनवर ऐकला. तुझे काका आणि मी आधी पोट धरून हसलो, आणि मग मी लिहायला बसले. फोनवर तू नुसतं ‘हो मावशी, हो मावशी’ करतेस. हा कागद पिंजऱ्याशेजारी चिकटवून ठेव.

ही चूक मी स्वतः करून बसले आहे. आमची चिंगी घाण वाटते म्हणून तिला नळाखाली धरली, माझाच शाम्पू चोळला आणि जेमतेम पुसून पिंजऱ्यात ठेवली. भिजल्यावर मुठीएवढी दिसत होती बिचारी. थरथर काही थांबेना. एरवी फ्रिजचं दार वाजलं की शीळ घालणारी. त्या रात्री कोथिंबिरीकडे बघेना. डॉक्टरांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. गारठ्याने गिनीपिगला न्यूमोनिया होऊ शकतो आणि खाणं थांबलं की त्याची आतडीही थंडावतात, हे मला तेव्हा कळलं.

अगं, हा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचा, गवतातला प्राणी. मांजरासारखा स्वतःच स्वतःला चाटूनपुसून ठेवतो. वास येतो तो बहुतेक वेळा त्याच्या अंथरुणाचा. ते बदल, निम्मं काम झालं.

पण लाडूचे केस लांब, मागे लघवीने चिकटतात, हे खरं. ते आईकडून थोडे कापून घे. तरीही बरबटलाच, तर फक्त मागचा भाग धुवायचा. पहाटे नाही, भर दुपारी, पंखा बंद करून. टबच्या तळाशी जुना पंचा अंथर. प्लास्टिकवर पाय घसरला की तो बिथरतो. पाणी दोन बोटं, कोपर बुडवून बघितल्यावर कोमट लागेल इतकंच. एक हात छातीखाली, एक ढुंगणाखाली. वाटीने हळूहळू पाणी घाल. डोकं आणि कान कोरडेच राहू देत. आपला साबण, शाम्पू, उटणं काहीही नको. नुसत्या पाण्याने निघालं नाही, तर डॉक्टर देतील तोच शाम्पू. मग दोन टॉवेल घेऊन केसांच्या मुळापर्यंत टिपून काढ. वरून कोरडा दिसतो, आत बोट घालून बघ.

तेल मात्र चालेल! लाडूला शेपूट नाही, पण ती जिथे असती तिथे एक तेलकट ग्रंथी असते. नरांमध्ये तिथे मेणचट चिकटा साचतो. थोडं खोबरेल बोटाने लाव, चिकटा मऊ झाला की ओल्या फडक्याने पुसून घे. खरवडू नकोस. एवढंच त्याचं अभ्यंग.

आणि खाजवत असेल, केस झडत असतील, तर टब काढूच नका, डॉक्टरकडे जा. अंगावर किडे झाले असतील तर ते अंघोळीने जात नाहीत.

फटाके सुरू झाले की पिंजरा आतल्या खोलीत हलव. उटण्याची पुडी उरेल ती तुझ्या बाबांच्या पाठीला लाव. ते दरवर्षी दोन तांबे घेऊन पळतात.

तुझी,
मावशी