टाचेकडचं वळण

ई-फॉइलवर, म्हणजे पाण्याखाली पंख असलेल्या मोटारीच्या फळीवर, सरळ रेषेत उडणं आता जमतं. दुबईतल्या पाम जुमेराच्या आतल्या शांत पाण्यात वेग आला की फळी वर उचलली जाते, खालची धडधड थांबते, मोटारीची बारीक गुणगुण तेवढी उरते. अडतं ते वळणावर. सर्फबोर्डची कड पाण्यात रुतवून वळता येतं. इथे फळी अधांतरी आणि वळायचं ते फळीखालच्या दांड्याच्या तळाशी असलेल्या पंखाने. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट दाट, म्हणून एवढासा पंख अख्खा माणूस तोलतो. घोट्याचा जरासा कलही त्याला पुरतो.

विमानासारखंच हे. कललं की उचल तिरपी होते, वर ढकलणारा तिचा वाटा घटतो, फळी बसू लागते. मग मागच्या पायावर किंचित भार, हातातल्या रिमोटच्या ट्रिगरवर थोडं बोट. कल जास्त झाला तर पंखाचं बाहेरचं टोक पाण्यावर येतं, हवा ओढतं आणि आधारच जातो.

पंजाकडे वळणं सोपं, समोर पाणी दिसतं. टाचेकडे वळायचं म्हणजे पाठ टेकायला काही नसताना मागे रेलायचं! प्रशिक्षक सारखा ओरडतो, ‘‘पायाकडे नको, जायचंय तिकडे बघ.’’ मान वळली की खांदे, कंबर आपोआप येतात, हे खरंच.

उद्या मोठा पंख मागणार आहे. लहान पंख चपळ, पण त्याला वेग लागतो. मोठा सावकाश वळला तरी उचलून धरतो.