खुंट रायवळचाच

पाऊस तोंडावर आला की रोपवाटिकेत एक प्रश्न हमखास येतो, "काका, सफरचंदाचं रोप आहे का?" विचारणारे बहुतेक आमच्या रोह्याच्या धाटाव एमआयडीसीत नोकरीला आलेले. मोबाइलवर त्यांनी महाराष्ट्रात फळलेलं सफरचंद पाहिलेलं असतं, आणि ते काही खोटं नसतं. हिमाचलातल्या बिलासपूरच्या हरिमन शर्मांनी एचआरएमएन-९९ ही कमी थंडीत फळणारी जात काढली. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्रीही जाहीर झाली. जुन्या जातींना हिवाळाभरात सात अंशांखालची हजारेक तास थंडी लागते, हिला ती अट नाही.

तरी मी ते रोप ठेवत नाही. थंडीचं कोडं सुटलं, पावसाचं कोण सोडवणार? रोह्याला चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. सफरचंदाच्या मुळाशी पाणी तुंबलं की मुळं कुजतात. हौस म्हणून कुंडीत लावा, बाग म्हणून नको.

सफरचंदाच्या बागायतदारांची एक गोष्ट मात्र मला अगदी जवळची वाटते. त्यांच्याकडे जंगली सफरचंद असतं, क्रॅब ॲपल. बोराएवढं फळ, आंबट नि तुरट. पण त्याच्या बीपासून खुंट, म्हणजे कलमाचा खालचा मुळांचा भाग, तयार होतो. मोठ्या सफरचंदाला सहसा आपल्याच जातीचे पराग चालत नाहीत, म्हणून परागासाठी बागेत मधूनमधून हीच झाडं लावतात. फळात पेक्टिन भरपूर, त्यामुळे जेली झकास जमते. नाव मोठ्या फळाचं, राबतं हे.

आमच्याकडे खुंटाचं हे काम रायवळ आंबा करतो. जूनमध्ये ताज्या कोयी गादीवाफ्यावर लावायच्या. वाळत पडल्या तर रुजत नाहीत. कोंब वर येतो तेव्हा पानं तांबूस, मऊ असतात. पंधरा दिवसांच्या आतलं हे रोप कलमाला उत्तम. पानं हिरवी, ताठ झाली की कलमं कमी जगतात. हापूसची तीन-चार महिन्यांची डोळकाडी आठ-दहा दिवस आधीच झाडावर असताना पानं कापून, देठ ठेवून तयार करायची. देठ बोट लावताच गळाला आणि डोळा फुगलेला दिसला, की काडी काढायची. रोपाचा शेंडा छाटून मधोमध खाच, काडीला दोन्ही बाजूंनी तासून पाचर. चाकू एकदाच फिरला पाहिजे. दुसऱ्यांदा फिरवला की काप खडबडीत होतो आणि साल सालीला भिडत नाही. मग प्लास्टिकची पट्टी खालून वर घट्ट, पाणी आत जाणार नाही अशी. हे कोयकलम. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत जितकं जगतं तितकं पुढे जगत नाही.

लोक मात्र कलमाच्या वरच्या अर्ध्याचीच चौकशी करतात. खालच्याचं नाव कोणी विचारत नाही.

दारात कुरकुरीत, पाणीदार फळ हवंच असेल तर जाम लावा. पावसाळ्यात गुटी बांधली की मुळं सुटतात, आपला पाऊस त्याला मानवतो, आणि उन्हाळ्यात झाड पांढऱ्या घंटांनी लगडतं. पोरं आणि वटवाघळं, दोघं खूश.

आणि घर बांधताना बांधावरचा रायवळ आडवा येत असेल तर कुऱ्हाड लावण्याआधी एकदा मला सांगा. रस काढून झाल्यावर कोयीही उकिरड्यावर टाकू नका. मे अखेरीस पाटीभर आणून द्या, बदल्यात एक कलम घेऊन जा.