एका प्रवचनाची दुरुस्ती

प्रवचने विसरली जातात, हे आम्ही जाणून आहोत. मिस्सा आटोपून माणसे चर्चच्या पायऱ्या उतरतात न उतरतात तोच त्यातील निम्मे वाऱ्यावर गेलेले असते. परंतु आमचे एक प्रवचन एका माउलीने शब्दशः मनावर घेतले आणि त्याचा भुर्दंड तिच्या मुलाला पडला. त्या प्रवचनाची दुरुस्ती करण्यासाठी हा लेखनप्रपंच.

१ मार्च २०२०, प्रायश्चित्तकाळाचा पहिला रविवार. रानात सैतानाने येशूला घातलेल्या मोहांचे शुभवर्तमान वाचून आम्ही आजच्या मोहांकडे वळलो आणि मोबाइलवर येऊन थांबलो. मुलाच्या हाती हे यंत्र देणे म्हणजे सैतानाला घरात पाट मांडून देणे होय, असे आम्ही मोठ्या आवेशाने सांगितले. त्याच महिन्यात टाळेबंदी आली, शाळांना कुलपे लागली आणि जूनपासून वर्ग भरू लागले ते नेमके त्याच यंत्रावर!

पाऊस ओसरल्यावर, वाड्यांत मजुरी करून संसार ओढणारी एक विधवा भगिनी आमच्या दाराशी आली. "फादर, पोराला आता फोन घेऊ का? भावानं जुना देऊ केला होता. तुम्ही नको म्हणाला होतात, म्हणून मी परत पाठवला." मुलगा आठवीत होता. चार महिने त्याच्या कानावर शाळेचा एक शब्द पडला नव्हता. त्या माउलीच्या स्वरात तक्रार नव्हती, आणि तेच आम्हांला अधिक लागले.

त्या संध्याकाळपासून तो मुलगा तोंडाला फडके बांधून आमच्या व्हरांड्यात येऊ लागला. फोन आमचा, पुस्तक त्याचे. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो; विज्ञानाचे पुस्तक मात्र शाळेनंतर मिटले ते मिटलेच. पाठ्यपुस्तकावरील काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन हा काही शोभेचा नसतो, हे त्या मुलाबरोबरच आम्हांला कळले. त्यावर फोन धरला की २०१७ साली सुरू झालेल्या 'दीक्षा' या सरकारी व्यासपीठावरील त्या धड्याचे साहित्य उघडते. बालभारतीची पाठ्यपुस्तकेही संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात.

एके दिवशी त्याने विचारले, "फादर, टॉर्चचं बटण दाबलं की दिवा लगेच लागतो. तारेतले इलेक्ट्रॉन एवढे जोरात धावतात?" आम्ही अधिकारवाणीने "हो" म्हणालो. आमच्या धर्मग्रामातील एक विज्ञानशिक्षिका तेथे होत्या. त्या नुसत्या हसल्या आणि त्यांनी 'फेट' उघडून दिले. नोबेल पारितोषिकविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात उभारलेली ही चित्रमय प्रयोगशाळा आहे. तिच्यातील कित्येक प्रयोग मराठीतही आहेत. मुलाने बोटाने घट, तारा, दिवा जोडला. चुकीचे जोडले तेव्हा पडद्यावरचा घट पेटला आणि तो खदखदून हसला. नीट जोडणी होताच तारेतील सगळे ठिपके एकदम हलू लागले.

शिक्षिकांनी मग उलगडा केला. तारेतील इलेक्ट्रॉन गोगलगाईपेक्षाही मंद सरकतात, सेकंदाला एक मिलिमीटरही नव्हे. परंतु तार त्यांनी आधीच भरलेली असते आणि पुढे सरकण्याचा रेटा जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने सर्वत्र पोहोचतो. वाडीतील पाइप पाण्याने भरलेला असला, की विहिरीवरचा पंप सुरू होताच दुसऱ्या टोकाला पाणी पडते, तसे. "म्हणजे फादर, तुम्ही चुकलात," मुलगा म्हणाला. आम्ही म्हणालो, "होय, चुकलो." तीस वर्षे व्यासपीठावरून बोलणाऱ्या माणसाला हा शब्द उच्चारणे किती जड जाते, ते आम्हांसच ठाऊक! त्या दिवसापासून मुलाचे प्रश्न मात्र दुपटीने वाढले.

आज धर्मग्रामाच्या सभागृहात लोकांनी दिलेले दोन जुने संगणक आहेत. १९७६ साली ज्याचा पहिला खंड निघाला तो मराठी विश्वकोश तेथे एका कळीसरशी उघडतो. टाकाऊ वस्तूंतून वैज्ञानिक खेळणी करणारे अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकेही आहेत. ती पाहून मुले काडेपेट्या आणि सायकलची जुनी ट्यूब मागत फिरतात.

आमचे ते प्रवचन सर्वस्वी खोटे होते, असे आम्ही म्हणत नाही. एकटे सोडलेले मूल त्याच पडद्यावर विश्वकोशापेक्षा खेळाकडे लवकर वळते. आमची चूक ही, की मुलाशेजारी बसण्याचे कष्ट टाळून आम्ही यंत्रालाच घराबाहेर काढावयास सांगितले. म्हणून सभागृहात रोज संध्याकाळी कोणीतरी मोठे माणूस बसते; आठवड्यातून दोनदा आम्ही बसतो.

चर्च पुन्हा उघडल्यावर आम्ही त्याच व्यासपीठावरून आपली चूक कबूल केली. मिस्सेनंतर ती माउली भेटली. "फादर, एवढं कशाला सांगितलंत?" ती संकोचून म्हणाली. मुलाचे वाया गेलेले चार महिने काही आम्ही परत देऊ शकलो नाही. वाचकहो, आपल्या घरी एखादा जुना संगणक धूळ खात पडला असेल, तर तो आपल्या धर्मग्रामाला द्या. आणि जमल्यास त्याच्याबरोबर आपली एक संध्याकाळही द्या.