मधलं वर्ष

शिक्षणात वर्षाचा खंड पडला की पुन्हा प्रवेश घेताना गॅप सर्टिफिकेट मागतात. तहसील कचेरीबाहेर बसलेल्या टायपिस्टकडे त्याचा मजकूर तयारच असतो, नाव-गाव आणि सालं तेवढी बदलायची. या काळात मी दुसऱ्या कोणत्याही महाविद्यालयात प्रवेश घेतला नव्हता, कोणत्याही गैरकृत्यात माझा सहभाग नव्हता, असं प्रतिज्ञेवर लिहून द्यायचं आणि खाली सही ठोकायची. काय केलं नाही ते सगळं त्यात येतं. काय केलं, याला त्या कागदावर जागा नसते.

मी सांगलीला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. गणपतीच्या सुमारास आबा मळ्यात पाय घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. आमच्या तासगाव भागात द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी कुणासाठी थांबत नाही, आणि एकदा छाटणी झाली की पुढचे चार महिने बाग उसंत देत नाही. डोळ्यांना पेस्ट लावा, फेलफुटी काढा, घड डीप करा, मण्यांची विरळणी करा. धुकं पडलं की डावणी रोगाच्या धास्तीनं पहाटेच फवारणीला उभं राहा. आई आबांच्या उशाशी, भाऊ अजून शाळेत. घरात कुणी मला थांब म्हणालं नाही. वसतिगृहातली कॉट रिकामी करून मीच घरी आले.

गावात जो तो हळहळायचा, वर्ष वाया गेलं पोरीचं. मुलगा असा घरी राहिला तर तेवढ्यावर भागतं. मुलगी राहिली की स्थळं यायला लागतात. दिवाळीत एक नातेवाईक फोटो घेऊनच आले. आबांनी पडल्या पडल्याच सांगितलं, "जूनला ती सांगलीला जाणार आहे. मग काय ते बोलू." त्यांच्या त्या एका वाक्यावर माझं शिक्षण टिकलं, असं मला आजही वाटतं. घरच्या अडचणीपायी कॉलेज थांबवलेल्या माझ्या ओळखीच्या कितीतरी मुली परतल्याच नाहीत. बुद्धीत त्या माझ्यापेक्षा कमी नव्हत्या. त्यांच्यासाठी जून महिन्याचं नाव कुणी घेतलं नाही, एवढंच.

कॉलेज सोडणाऱ्यांची मोठी परंपरा आपल्याकडे आहे. 1916 मध्ये विनोबा इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाले आणि वाटेत सुरतेला उतरून काशीला गेले. जयप्रकाशांनी असहकाराच्या हाकेवर पाटण्याचं कॉलेज सोडलं, आणि 1974 च्या आंदोलनात त्यांनीच बिहारच्या विद्यार्थ्यांकडे एक वर्ष मागितलं. हे सारं मोठंच आहे. पण ध्येयासाठी दिलेलं वर्ष चरित्रात जातं आणि आजारी माणसाच्या उशाशी दिलेलं वर्ष गॅप सर्टिफिकेटात, हे मला मान्य नाही. स्वतःच्याच मनाच्या आजारानं थांबावं लागलेल्या मुलांची अवस्था तर याहून बिकट. ती अर्जावर कावीळ लिहितात.

द्राक्षवेलीची दुसरी छाटणी एप्रिलमध्ये होते, तिला खरड छाटणी म्हणतात. तिच्यावर फळ घेत नाहीत. सारा उन्हाळा वेल नुसती काडी वाढवताना दिसते. प्रत्यक्षात पुढच्या हंगामाचे घड त्याच दिवसांत काडीच्या डोळ्यांत आकार घेतात आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बाहेर पडतात. कॉलेजात परतल्यावर मी घरच्या बागेतली काडी प्रयोगशाळेत नेली, ब्लेडनं डोळ्याचा पातळ काप घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. आत इवला घड स्पष्ट दिसत होता. वर्गातली मुलं मला ताई म्हणायची. ती सगळी भोवती जमली, आणि सरांनी त्या दिवशी मलाच शिकवायला लावलं.

2020 च्या शैक्षणिक धोरणानं मधेच थांबण्याची आणि परतण्याची वाट कागदावर मोकळी केली आहे. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, आणि मिळवलेले श्रेयांक क्रेडिट बँकेत जास्तीत जास्त सात वर्षं जमा राहतात. मी याचं मनापासून स्वागत करते. फक्त श्रेयांक आपल्या पायांनी परत येत नाहीत. मुलीला परत यावं लागतं, आणि तोवर तिची कॉट दुसरीला गेलेली असते, मैत्रिणी पुढच्या वर्गात, नवा अभ्यासक्रम आणि घरात लग्नाची बोलणी.

आता मी शिकवते. दरवर्षी कुणीतरी दाखला मागायला स्टाफरूमच्या दारात उभी राहते. कारण मी विचारतेच, पण त्यावर खल करत नाही. ग्रंथालयाचं कार्ड चालू ठेवायला सांगते, पुढच्या वर्गातल्या एका मुलीचा नंबर देते. मग तिच्यासमोरच तिच्या घरी फोन लावते आणि विचारते, परत कधी पाठवताय? बरेच वडील जून म्हणतात. जे गप्प राहतात, त्यांना दिवाळीनंतर पुन्हा फोन करते.